नादारीच्या अर्जानंतर घरात काय राहिलं

१४ फेब्रुवारी २०२३ ला सकाळी साडेदहाच्या सुमारास बेलिफ दोन पंच घेऊन अमळनेर तालुक्यातल्या आमच्या घरी आला. माझे थोरले भाऊ, म्हणजे आमचे जिभाऊ, यांच्या कृषी सेवा केंद्राला खत-बियाणं पुरवणाऱ्या एका घाऊक व्यापाऱ्याने कोर्टातून पैसे वसुलीचा हुकूमनामा मिळवला होता. त्याच्या दरखास्तीत, म्हणजे तो हुकूमनामा बजावून घ्यायच्या अर्जात, जंगम जप्तीचं वॉरंट निघालं होतं. बेलिफने मोटारसायकल लिहिली, टीव्ही लिहिला, फ्रिज लिहिला. मग गोठ्यात जाऊन बैलजोडी लिहिली, भिंतीला टेकवलेला वखर आणि पाभर लिहिली. शेवटच्या तीन गोष्टी कायद्याने जप्तच होऊ शकत नाहीत, हे त्या घडीला आमच्यापैकी कुणालाही माहीत नव्हतं. पंचनाम्यावर जिभाऊंनी मुकाट्याने सही केली.

तिथून जिभाऊंना कोर्टाने नादार, म्हणजे देणं फेडू न शकणारा, ठरवून ९ ऑक्टोबर २०२५ ला देण्यांतून मुक्ततेचा आदेश होईपर्यंत दोन वर्षं आणि आठ महिने लागले. फाईल घेऊन फिरायचं काम माझ्याकडे होतं, म्हणून हे लिहितो आहे. कर्जात बुडालेल्या माणसाला पहिला प्रश्न पडतो तो ‘घर राहील का?’, आणि गावात त्याचं धड उत्तर देणारं कुणी भेटत नाही.

आधी कायदा कोणता ते सांगतो, कारण गोंधळ इथूनच सुरू होतो. मोबाईलवर शोधलं की २०१६ ची दिवाळखोरी संहिता समोर येते आणि त्यात खेड्यातलं १० लाखांपर्यंतचं घर, शहरातलं २० लाखांपर्यंतचं घर, १ लाखापर्यंतचे दागिने असे आकडे दिसतात. ते आकडे कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक जामीन राहिलेल्या लोकांसाठी आहेत. संहितेचा व्यक्तींबद्दलचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून फक्त त्यांनाच लागू झाला. साध्या शेतकऱ्याला, दुकानदाराला, नोकरदाराला मुंबई-कोलकाता-चेन्नई सोडून इतरत्र अजूनही १९२० चा प्रांतिक नादारी अधिनियमच लागतो. अर्ज जिल्हा न्यायालयात जातो. काय राखता येतं याची यादी मात्र त्या कायद्यात लिहिलेली नाही. तो दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० कडे बोट दाखवतो: तिथे जे जप्तीतून सुटतं, तेच नादारीतही सुटतं.

कलम ६० नीट वाचलं तर आपल्या भागातल्या घरासाठी त्यात बरंच आहे. कर्जदाराचे, बायकोचे, मुलांचे लागणारे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण. धर्माच्या चालीप्रमाणे बाईच्या अंगावरून उतरवता येत नाहीत असे दागिने. कारागिराची हत्यारं. शेतकऱ्याची अवजारं, आणि पोट भरण्यापुरती लागतील असं कोर्टाला वाटेल तेवढी गुरं आणि बियाणं. शेतकरी, मजूर किंवा घरगडी स्वतः राहतो ते घर, त्याची जागा आणि वापराला लागणारं लगतचं अंगण. मजुराची मजुरी, मग ती पैशात असो की धान्यात, म्हणजे आखाजीला (अक्षय तृतीयेला) वर्षासाठी ठरलेल्या सालदाराचा पगारही यात आला. भविष्य निर्वाह निधी, पीपीएफ, पेन्शन, ग्रॅच्युइटी. आयुर्विम्याचे पैसे. नोकरदाराच्या पगारातले पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश. पोटगीच्या हुकूमनाम्याला हा हिशोब नाही, तिथे फक्त एक तृतीयांश पगार सुटतो.

शेतजमीन या यादीत नाही. हे मोठ्याने सांगावं लागतं, कारण ‘शेतकऱ्याचं काही जप्त होत नाही’ अशी समजूत घट्ट आहे. बँकेला सरफेसी कायद्याखाली, म्हणजे तारण थेट ताब्यात घेण्याच्या कायद्याखाली, शेतजमिनीवर जाता येत नाही हे खरं आहे, पण साध्या पैशाच्या हुकूमनाम्यात जमीन जप्त होते आणि विकली जाते. नादारीत ती रिसीव्हरकडे, म्हणजे नादाराची मालमत्ता विकून पैसे वाटायला कोर्टाने नेमलेल्या माणसाकडे, जाते.

म्हणून पहिला निर्णय असा असतो की नादारीत जायचं की नाही. एकच घेणेकरी असेल आणि फक्त बैल किंवा घर वाचवायचं असेल, तर नादारीची गरज नाही. दरखास्त चालू असलेल्या कोर्टातच कलम ६० खाली हरकतीचा अर्ज द्यायचा. आम्ही तो मार्च २०२३ मध्ये दिला. बैल आणि अवजारं आधीपासूनच शेजाऱ्यांच्या ताब्यात सुपुर्दनाम्यावर, म्हणजे सांभाळायला घेतल्याच्या लेखी कबुलीवर, गावातच होती. ती एप्रिलअखेर मोकळी झाली. तेवढ्याने भागणार असतं तर आम्ही थांबलो असतो. पण घेणेकरी २० होते आणि देणं १९ लाख: तीन घाऊक व्यापारी मिळून ९,१०,०००, एका पतसंस्थेचे ५,२०,००० आणि १६ जणांचे हातउसने ४,७०,०००. २०१७ ची गुलाबी बोंडअळी आणि २०१८ चा दुष्काळ यांत गावातली उधारी फिरलीच नाही, आणि मार्च २०२० मध्ये दुकान बंद झालं. एकाला थोपवलं तरी मागे १९ उभे होते.

अर्जाची अट सोपी आहे. देणं फेडता येत नाही हे दाखवायचं, आणि तीनपैकी एक गोष्ट असावी लागते: कर्ज ५०० रुपये किंवा जास्त, पैशाच्या हुकूमनाम्यात अटक झालेली, किंवा त्यात जप्तीचा आदेश चालू. ५०० चा आकडा १९२० पासून तसाच आहे.

अवघड आहे ते अर्जाला जोडायचं परिशिष्ट. घेणेकऱ्यांचं नाव, पत्ता, रक्कम, कशाबद्दलची ती. मग स्वतःची सगळी मालमत्ता, प्रत्येक वस्तूची किंमत आणि ती कुठे आहे ते. जे राखायचं तेही याच यादीत लिहायचं आणि समोर ‘कलम ६० प्रमाणे सूट’ अशी नोंद करायची. बरेच जण इथे चुकतात. राखायची वस्तू यादीतून गाळतात आणि नंतर ती लपवली असा अर्थ निघतो. खोटी यादी दिली तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. आमच्या यादीत ६८ ओळी झाल्या. घंगाळ, दोन तगाऱ्या, पाटा-वरवंटा, पाच गोधड्या, सगळं लिहिलं. वकील म्हणाले, ‘भाऊ, भांडी एका ओळीत लिहिली तरी चालतील.’ आम्ही वेगळी लिहिली, आणि रिसीव्हर घरी आले तेव्हा अर्ध्या तासात तपासणी आटोपली.

वहिनींनी त्या दिवसांत एकच विचारलं होतं, ‘मनी पोत बी लेतीन का, भाऊ?’ (माझी पोतही नेतील का?) पोत आणि जोडवी सुटतात. बांगड्या, चेन, टॉप्स या सुटीत बसत नाहीत. पण ते माहेरचं स्त्रीधन असेल तर ती जिभाऊंची मालमत्ताच नव्हे, म्हणून ते परिशिष्टात न धरता वहिनींचं वेगळं प्रतिज्ञापत्र जोडलं. सोबत लग्नाचे तीन फोटो आणि मामांच्या नावची सोनाराची जुनी पावती दिली. फोटोत तीच चेन स्पष्ट दिसत होती, त्यावर कुणी वाद घातला नाही.

घराचा वाद मात्र चांगला चार तारखा चालला. घराची सूट ‘शेतकऱ्याला’ आहे, आणि व्यापाऱ्याच्या वकिलांचं म्हणणं होतं की हा दुकानदार आहे. कायद्याच्या दृष्टीने शेतकरी म्हणजे जो स्वतः कसतो आणि ज्याचं पोट मुख्यतः शेतीवर आहे तो. घरच्या माणसांकडून किंवा रोजंदारीच्या मजुरांकडून करून घेतलेली शेतीही स्वतः कसलेली धरतात, पण बटाईने दिलेली धरत नाहीत. मालक असायला हवं असंही नाही: कुळ चालतं, शेतमजूरही चालतो. हा शेवटचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे, कारण जमीन गेल्यावर ‘आता तुम्ही शेतकरी कुठे राहिलात’ असं कुणी म्हणू शकत नाही.

हे सिद्ध करायला आम्ही जे कागद लावले ते सांगतो. सातबाऱ्यावरचा पीकपेरा, त्यात २०२१ पासूनच्या ई-पीक पाहणीच्या नोंदी. बाजार समितीत कापूस आणि दादर ज्वारी विकल्याच्या हिशोबपट्ट्या, जिभाऊंच्या नावच्या. खत-बियाणं विक्रीचे परवाने परत केल्याचं पत्र. जीएसटी नोंदणी रद्द झाल्याचा आदेश, तारखेसह. बैलांच्या कानातल्या बिल्ल्याचे १२ अंकी नंबर आणि पशुवैद्यकीय दवाखान्याचा दाखला. डिजिटल सहीचा सातबारा ऑनलाइन १५ रुपयांत निघतो आणि कोर्टाला चालतो. हिशोबपट्ट्या मात्र जपून ठेवलेल्या असाव्या लागतात. आमच्याकडे २०२१-२२ ची एकच सापडली, बाकीच्या आडतीवर जाऊन पुन्हा काढून आणायला दोन आठवडे गेले.

घर राहिलं. ओट्यालगतची दुकानाची खोली गेली. तिला ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये वेगळा मिळकत क्रमांक होता आणि वापराच्या रकान्यात ‘दुकान’ लिहिलेलं होतं. २०२० नंतर तिथे कापूस आणि वखर-कोळपी ठेवत होतो, पण नोंद बदलून घेतली नव्हती. वापर बदलला की ग्रामपंचायतीत अर्ज देऊन नोंद त्याच वर्षी बदलून घ्यावी. जप्ती आल्यावर बदललेली नोंद कुणी मानत नाही.

तारण दिलेली वस्तू कशानेच वाचत नाही, हेही इथेच सांगतो. घर गहाण असेल तर कलम ६० मध्ये येऊ नका, गहाणदाराचा हक्क तसाच राहतो. कर्जावर घेतलेला ट्रॅक्टर अवजार असला तरी तो बँकेकडे तारण आहे. विम्याची पॉलिसी बँकेला लिहून दिलेली असेल तर तीही गेली. जिभाऊंची आयुर्विम्याची पॉलिसी मोकळी होती, ती राहिली.

अर्ज उन्हाळी सुट्टी संपल्यावर, १९ जून २०२३ ला दाखल झाला. पहिली तारीख ८ ऑगस्ट. वीसही घेणेकऱ्यांना नोटिसा काढायच्या, शिवाय कोर्टाच्या आदेशाने स्थानिक वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यायची. दोन नोटिसा ‘पत्त्यावर राहत नाही’ म्हणून परत आल्या आणि त्यात पूर्ण अडीच महिने गेले. हातउसने देणाऱ्यांचे आजचे पत्ते आधीच फोन करून घ्या. प्रकरणाचा १६ अंकी सीएनआर नंबर पहिल्याच दिवशी लिहून घ्या. ई-कोर्ट्स अ‍ॅपवर तो टाकला की पुढची तारीख दिसते, नुसती तारीख विचारायला जिल्ह्याला खेप पडत नाही.

या दिवसांत गावातून दोन सल्ले सतत येत होते. पहिला: जमीन वहिनींच्या नावावर करून टाका. नादारीच्या अर्जाच्या आधीच्या दोन वर्षांत मोबदल्याशिवाय केलेलं हस्तांतर रिसीव्हर रद्द करून घेऊ शकतो, आणि मग कोर्टाचा विश्वासही जातो. दुसरा: निदान शालकांचे ६०,००० तरी आधी देऊन टाका, घरातला माणूस आहे. अर्जाच्या आधीच्या तीन महिन्यांत एकाला झुकतं माप देऊन केलेली फेड अशीच उलटते. जिभाऊंना हे फार लागलं. पण शालकांचं नावही यादीत इतरांबरोबर गेलं आणि त्यांनाही सगळ्यांइतकंच मिळालं.

२१ मार्च २०२४ ला जिभाऊ नादार ठरले. त्या आदेशात मुक्ततेचा अर्ज करायला एक वर्षाची मुदत होती. ही तारीख भिंतीवर लिहून ठेवावी. मुदतीत अर्ज केला नाही तर नादारीचा आदेशच रद्द होतो आणि सगळे घेणेकरी पुन्हा मोकळे होतात. आदेशानंतर कोर्टाच्या परवानगीशिवाय कुणालाही नवा दावा किंवा जप्ती करता येत नाही. अटकेपासून संरक्षणाचा आदेश मात्र वेगळा मागावा लागतो, तो आपोआप मिळतो असं धरू नका.

आणि मग ती लाल वही. कलम ६० च्या जप्तीत हिशोबाच्या वह्या सुटतात, नादारीत सुटत नाहीत. वह्या रिसीव्हरच्या हवाली कराव्याच लागतात, आणि वहीत लिहिलेली येणी आता रिसीव्हरची होतात. जिभाऊंच्या उधारीच्या वहीत १४३ नावं होती, सगळी पंचक्रोशीतली, रक्कम ६,८०,०००. कुणाची दोन पाकिटं कापसाचं बी, कुणाची एक गोणी युरिया, समोर अंगठा किंवा सही. कडा तेलकट झालेल्या होत्या, मधे एका पानावर २०१९ च्या पोळ्याचा बैलांच्या साजाचा हिशोब. देण्याआधी जिभाऊंनी दोन दिवस बसून एकेकाला फोन केला: ‘नोटीस आली तर घाबरू नको, पण पैसे आता मला देऊ नको, रिसीव्हरकडे भरून पावती घे.’ हे आवर्जून करावं. ओळखीने कुणी हातात हजार-पाचशे ठेवले आणि आपण घेतले, तर ती इस्टेटीची रक्कम दाबून ठेवल्यासारखी होते. माल उधार दिल्यापासून तीन वर्षांत वसुलीचा दावा करावा लागतो, पण सर्वोच्च न्यायालयाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदतीतून वगळलेला असल्याने २०१९ च्या खरिपाची काही येणी जिवंत होती. त्यातून १,१२,००० जमले.

जमिनीचं असं झालं: गट ५ एकर १० गुंठ्यांचा, सातबाऱ्यावर आई, जिभाऊ आणि मी. रिसीव्हरकडे फक्त जिभाऊंचा १ एकर ३० गुंठ्यांचा हिस्सा गेला. ११ डिसेंबर २०२४ च्या लिलावात शेजारच्या गटवाल्याने तो ७,३५,००० ला घेतला. खोलीचे १,६०,००० आले, मोटारसायकल, टीव्ही, फ्रिज मिळून २७,०००. सगळे १०,३४,०००. त्यातून खर्च आणि रिसीव्हरचं मानधन ६२,००० वजा जाऊन ९,७२,००० वाटपाला राहिले, म्हणजे रुपयाला ५१ पैसे. हा आकडा महत्त्वाचा आहे. बिनतारण देण्याच्या मानाने मालमत्ता रुपयाला आठ आण्यांपेक्षा कमी भरली, तर कोर्ट सरळ पूर्ण मुक्तता देत नाही. मग ती परिस्थिती आपल्या हातातली नव्हती हे पटवावं लागतं. आम्ही बोंडअळी आणि दुष्काळाच्या वर्षांचे कागद तयार ठेवले होते. ते लागले नाहीत. मागच्या तीन वर्षांच्या हिशोबाच्या वह्या नसतील तर तेही मुक्ततेच्या आड येतं, म्हणून धंदा मोडला तरी वह्या रद्दीत घालू नका.

मधल्या काळात काय जपावं लागतं? मुक्तता होईपर्यंत मिळालेली नवी मालमत्ताही रिसीव्हरकडे जाते. ५० रुपये किंवा त्याहून जास्त उधार घेताना आपण नादार आहोत हे समोरच्याला सांगावं लागतं, नाहीतर गुन्हा होतो. जून २०२४ मध्ये बियाणं उधारीवर घ्यायची वेळ आली तेव्हा जिभाऊंनी दुकानदाराला तसं कागदावर लिहून दिलं. त्याने दिलं बियाणं. स्थानिक संस्थेची निवडणूकही या काळात लढवता येत नाही.

मुक्ततेचा अर्ज १७ फेब्रुवारी २०२५ ला दिला, आदेश ऑक्टोबरमध्ये झाला. त्याने सरकारी देणं, फसवणुकीतून झालेलं देणं आणि पोटगी सुटत नाही. जामीनदारही सुटत नाहीत. पतसंस्थेच्या कर्जाला आमच्या गल्लीतले दोघे जामीन होते. उरलेल्या रकमेसाठी त्यांच्यावर पतसंस्थेची वसुली चालूच आहे, आणि जिभाऊ मजुरीतून दर महिन्याला त्यांना थोडं थोडं देतात. कुणालाही अर्जाआधी जामीनदारांसमोर बसून हे सांगितलं पाहिजे. आम्ही उशिरा सांगितलं, त्याचं अजून वाईट वाटतं.

खर्च: वकील ३५,०००, वर्तमानपत्र ४,२००, टपाल आणि नोटिसा १,१००, नकला आणि झेरॉक्स ३,८००, रेल्वे-एसटी मिळून साधारण ६,०००. कोर्टात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला स्टॅम्पपेपर लागत नाही, तो विकणाऱ्याला नाही म्हणा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती, अपंग आणि उत्पन्नाच्या मर्यादेत बसणाऱ्यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, त्यांची खिडकी कोर्टाच्या आवारातच असते. आम्ही ती पाहिली तेव्हा वकिलांचे निम्मे पैसे देऊन झाले होते.

आदेशाची प्रमाणित नकल अर्ज दिल्यापासून सहाव्या दिवशी हातात आली. पाच प्रती मागा. एक पतसंस्थेला, एक हुकूमनामा असलेल्या कोर्टात दरखास्त निकाली काढायला, एक सिबिलला तक्रारीसोबत, एक जामीनदारांना माहितीसाठी आणि एक घरी. आमची घरची प्रत त्याच पिशवीत आहे, जिच्यात पहिला पंचनामा आहे. त्याच्या दुसऱ्या पानावर ‘बैल दोन, वखर एक, पाभर एक’ या ओळीसमोर कोर्टाच्या आदेशाची तारीख आणि ‘सूट दिली’ असं निळ्या शाईत लिहिलेलं आहे.